सुट्या सोंगट्यांचा धंदा

गफ्फारभाईंच्या कबाडीच्या दुकानात एक कायदा होता, आणि तो त्यांच्या वडलांपासून चालत आला होता. आलेली वस्तू फोडायची आणि ज्याचं त्यात टाकायचं. लोखंड लोखंडात, पितळ पितळात, लाकूड लाकडात, प्लास्टिक प्लास्टिकात. वस्तू कशाची आहे एवढंच कबाड्यानं बघावं, कशासाठी आहे हे बघत बसला तर त्याची चूल पेटायची नाही, असं ते म्हणत. दुकान भद्रावतीच्या बसस्टँडमागे आणि दुकानाच्या पाठीला पाठ लावून घर.

हा कायदा त्यांच्या मुलीनं, महेकनं मोडला. फॅक्टरीच्या कॉलनीतल्या एका साहेबांची बदली झाली आणि पोरांच्या खेळांचे खोके गाडीवर आले. बुद्धिबळ, व्यापार, इंग्रजी अक्षरांचे ठोकळे, सगळंच अर्धवट. महेकच्या भावानं, सैफनं ते सवयीनं पोत्यात भिरकावलं: लाकडी घोडे एका पोत्यात, प्लास्टिकची घरं दुसऱ्यात. महेक त्याच आठवड्यात नर्सिंगचा फॉर्म बघायला सायबर कॅफेत गेली होती. तिथं नेटवर तिला दिसलं की बंगलोरचा कोणी माणूस एका काळ्या उंटासाठी जीव टाकतोय. अख्ख्या खेळाला कोणी कुत्रं विचारत नाही, पण हरवलेल्या एका सोंगटीसाठी शहरातली माणसं वेडीपिशी होतात, हे तिला त्या दिवशी कळलं. घरी येऊन तिनं पोती उलटी केली आणि उंट शोधून काढला.

नागपूरच्या नर्सिंग कॉलेजच्या फीपुरतं जमलं की बस, असं तिनं ठरवलं होतं. पण माणूस ठरवतो एक आणि घर ठरवतं दुसरंच. सोंगट्या विकल्या जाऊ लागल्या तशी सैफनं खाणीवरच्या ठेकेदाराकडची नोकरी सोडली आणि महेकच्या नेटवरच्या दुकानाला स्वतःचं नाव दिलं. गफ्फारभाई वणी, वरोरा, चंद्रपूर पालथं घालून जुने खेळ आणू लागले. मागच्या खोलीत छतापर्यंत डबे लागले. कोणत्या डब्यात कोणत्या जोडातला हत्ती आहे, हे मात्र एकट्या महेकला ठाऊक. फी केव्हाच जमली, पण नागपूरचं नाव काढायची सोय राहिली नाही. इतर बाप पोरीच्या लग्नासाठी कासावीस होतात. गफ्फारभाईंनी आलेली दोन स्थळं परस्पर परत पाठवली, म्हणजे बघा!

मागल्या वर्षी महेकचा नर्सिंगला नंबर लागला होता. "या साली राहू दे, बेटा," अब्बा म्हणाले, आणि तिनं राहू दिलं. यंदा परत लागला. या वेळी ती अडून बसली, जेवली नाही, तेव्हा अब्बांनी तोड काढली.

"भाभीले शिकव. तिले जमलं का जा खुशाल. मी तुले अडवत नाई."

भाभी म्हणजे सैफची बायको सलीमा. गोंडपिपरीची, बारावी झालेली, हातात कमालीची सफाई. पार्सलवर पांढरं कापड शिवून द्यायचं काम तिचंच. दुपारी मोहल्ल्यातल्या पोरी तिच्याकडे शिवण शिकायला यायच्या, आणि दिवसभरात तेवढाच वेळ तिचा आवाज ऐकू यायचा, हसण्याचासुद्धा.

पण सोंगट्यांच्या बाबतीत ही बाई दगडाहून दगड निघाली. महेकनं समजावून सांगावं की हा घोडा शिसवीचा, याच्या बुडाला हिरवं बनातीचं कापड आहे, तो दुसरा नुसता रंगवलेला. सलीमानं मान डोलवावी आणि संध्याकाळी सगळे लाकडी एका डब्यात, सगळे प्लास्टिकचे दुसऱ्यात करून ठेवावे. अगदी सासऱ्याच्या कायद्याप्रमाणे.

"भाभी, तू कबाड्याच्या घरात आली आणि कबाडीच झाली!" महेक रडकुंडीला येऊन म्हणायची.

"मले नाई समजत बाई हे," सलीमा म्हणायची आणि मशीनवर जाऊन बसायची.

प्रवेशाची मुदत शनिवारी संपत होती. त्या खोलीत बसलं की महेकला घुसमटायला व्हायचं. नागपूरची बस मागच्या भिंतीपलीकडूनच सुटे, कंडक्टरची आरोळी ऐकू येई, आणि तिच्या हातात कुणाच्या तरी हरवलेल्या खेळाचं प्यादं असे. आपण इथंच म्हातारे होणार, असं तिला खरोखर वाटू लागलं होतं.

गुरुवारी ती कॅफेत बसली असताना पुण्याच्या गिऱ्हाइकानं पाठवलेला फोटो तिनं पुन्हा उघडला. त्याला हवा होता तो वजीर मण्यांच्या मुकुटाचा; पार्सलच्या चिठ्ठीवरही तिनं तसंच लिहिलं होतं. तिनं सकाळी घाईत कागदात गुंडाळला तो साध्या मुकुटाचा. ती धावत घरी आली. पार्सल शिवून कोनाड्यात तयार होतं. तिनं कात्रीनं टाके उसवले, कागद सोडला.

आत मण्यांच्या मुकुटाचा वजीर होता.

ती खोलीत गेली. तिनं चुकून घातलेला साधा वजीर एवढ्या डब्यांच्या ढिगाऱ्यात त्याच्या स्वतःच्या जोडात, स्वतःच्या राजाशेजारी ठेवलेला होता. पार्सलला तिच्यानंतर एकच हात लागला होता.

सलीमा चुलीपाशी पोळ्या लाटत होती. महेकनं वजीर तिच्यासमोर धरला.

"हा कोणं बदलला, भाभी?"

सलीमाचं लाटणं थांबलं. "चुकीचा गेला असता त सैफ तुह्यावर ओरडले असते."

"म्हंजे तुले सारं येते. अन् मी इथी सडून राह्यली!"

"हळू बोल, महेक. तुले हात जोडते, कोणाले सांगू नको. थोडा दम धर."

"दम? परवा मुदत हाये!"

सलीमानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण दारात सैफची चप्पल वाजली आणि ती पोळीकडे वळली.

महेक वाईट मुलगी नव्हती. पण दाराची फट दिसल्यावर कोंडलेलं माणूस मागे कोण उभं आहे ते बघत नाही. दस्तरखान पसरला, अब्बांनी पहिला घास घेतला आणि तिनं एका दमात सांगून टाकलं. वजीर, डबा, टाके, सगळं. शेवटी म्हणाली, "भाभीले माह्यापेक्षा चांगलं येते, अब्बा. तुमीच बोलले होते. मी उद्याच्या बसनं जाते."

सैफ बायकोकडे पाहत राहिला. महेकला वाटलं, आता हा भडकणार. पण त्याचं तोंड उजळलं.

"अबे, एकीनं घर चालून राह्यलं, त दोघीनं किती होईन! अब्बा, नागपूरच्या कबाड्यायचा माल पण उचलू आपण." मग सलीमाकडे वळून म्हणाला, "तुहं ते शिवणकाम बंद कर उद्यापासून. पोरींले सांगून दे."

"अब्बा, तुमी जबान देली होती," महेक म्हणाली.

गफ्फारभाईंनी ताटातली भाजी उगाच इकडची तिकडे केली. माणूस दुष्ट नव्हता, नुसता कच्चा होता, आणि कच्च्या माणसाचं घर फार मजबूत तुरुंग असतं. "मी कुठी नाई म्हणून राह्यलो, बेटा? आता कुठी धंदा जमून राह्यला. पुढच्या साली नक्की."

जेवणं झाली. दोघी अंगणात भांडी घासायला बसल्या. शिवण शिकायला येणाऱ्या एका पोरीचं अर्धं बेतलेलं झबलं दोरीवर लटकत होतं. सलीमानं त्याच्याकडे पाहिलं.

"मले कधीच येणार नाई, असं अब्बाले पटून गेलं होतं," ती म्हणाली. "काल सैफले सांगून राह्यले होते, पोरगी हातची जाईन, उपाशी बसते, हा पसाराच विकून टाकू. घुग्घुसचा एक गिऱ्हाईक शनिवारी सकाळी पाहाले येणार होता. तूही सुटली असती, मीही."

महेकनं पातेलं खाली ठेवलं. "मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"मघाशी चुलीपाशी सांगणारच होती. सैफ आले."

आतून सैफची हाक आली. आजवर तो एकीलाच हाक मारायचा. आज त्यानं दोघींची नावं घेतली.