खुडबुडाबाई

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला आणि घरातली भांडणं बंद पडली. आईला डोळ्यांनी जेमतेम उजेड-अंधार कळायचा, त्यामुळे लिहून दाखवायचीही सोय नव्हती. जन्मभर एकमेकांचं डोकं खाल्लेली दोन माणसं एका छपराखाली गप्प बसून राहिली.

थोरली लेक प्रोग्रॅमर. नोकरीतही ती एडिटरच बनवायची, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम. बाबांसाठी तिने एक खास एडिटर केला. बाबांनी ओळ लिहून एंटर दाबलं की एडिटर ती आपल्या चाइल्ड प्रोसेसला, म्हणजे त्यानेच सुरू केलेल्या छोट्या प्रोग्रॅमला पाठवायचा. ते लेकरू ओळ मोठ्याने वाचायचं आणि 'वाचलं' असा उलट निरोप धाडायचं. तो आल्याशिवाय एडिटर पुढची ओळ घ्यायचा नाही.

पहिल्याच संध्याकाळी स्पीकरमधून सपाट आवाज आला, "खुडबुडाबाई, चहा." आई स्वयंपाकघरात सदानकदा काहीतरी शोधत असायची, म्हणून लग्नानंतर बाबांनीच पाडलेलं हे नाव. आई हसली, मग रडली, आणि चहा मिळणार नाही म्हणून तिने ठणकावून सांगितलं. थोरली खूश होऊन आपल्या घरी गेली.

काही दिवसांनी एडिटर मध्येच अडकायला लागला. बाबांनी मेसेज केला. थोरली मीटिंगमध्ये होती. बंद करून चालू करा, असं तिने कळवलं. पुन्हा मेसेज आला, तिने पुन्हा तेच कळवलं. त्यानंतरच्या मेसेजला नुसता अंगठा. मग मेसेज यायचेच थांबले, आणि प्रकरण मिटलं असं तिने सोयीस्करपणे धरून टाकलं.

बाबाही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. कशाने अडकतं ते त्यांनी हळूहळू हुडकून काढलं आणि तेवढं लिहायचं सोडून दिलं.

मग फोन आला तो आईचा. "खुडबुडाबाई म्हणत नाहीत आता. पाणी दे, दार लाव, एवढंच. कामाला ठेवलेल्या बाईशी बोलावं तसं. माझं काही चुकलं का गं?"

त्या रविवारी थोरली धावत आली. चूक सापडायला वेळ लागला नाही. लेकराला तक्रारी कळवता याव्यात म्हणून तिने एक वेगळी नळी, म्हणजे निरोप जायची वाट, ठेवली होती, पण त्या नळीच्या दुसऱ्या टोकाशी कुणाला बसवायचंच ती विसरली होती. अनोळखी शब्द आला की लेकरू तक्रार टाकायचं. नळी तुडुंब भरली की जागा व्हायची वाट बघत थांबायचं, आणि इकडे एडिटर त्याच्या 'वाचलं'साठी थांबायचा. दोघंही ठप्प.

तिने तक्रारी वाचणारा प्रोग्रॅम जोडला आणि बाबांना पहिल्यासारखं लिहायला सांगितलं. त्यांनी भीतभीत खुडबुडाबाई लिहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात तक्रार उमटली : हा शब्द ठाऊक नाही. पण काही अडलं नाही. बाबांनी ते पुन्हा लिहिलं, मग पुन्हा. स्पीकर हाका मारत सुटला.

आई दारात येऊन उभी राहिली. "हे तूच घातलंस ना त्यात? माझ्या समाधानासाठी?"

बाबा उठले, आईला हाताला धरून खुर्चीपाशी घेऊन आले, आणि तिचा तळवा आपल्या बोटांवर ठेवून टाइप करायला लागले. बोटं थांबली तशी स्पीकरमधून हाक आली.

आईला पटलं. "मग इतके दिवस का नाही, अहो?"

तिच्या तळव्याखाली बोटं पुन्हा हलली.

"नाव घेतलं की बंद पडायचं," सपाट आवाज म्हणाला. "पोरीला सांगितलं होतं. तिला वेळ नव्हता."

रागाने म्हणाले की सहज, ते त्या आवाजावरून कळायला मार्ग नव्हता, आणि बाबांच्या चेहऱ्याकडे बघायची थोरलीची छाती झाली नाही.