गप्प बसायला शिकलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, आणि गप्प बसणं माझ्या पिंडातच नाही. वारा आला की मी खडखडतो, अंगावरून उंदीर पळाला तरी टणटणतो. सध्या माले गावच्या शाळेच्या अडगळीत, एका मोडक्या बाकाखाली पडलो आहे. समोरच्या भिंतीवर दोन हजार दहा सालचं कॅलेंडर आहे. माझा तळ गंजला आहे, एक कडा उचकटली आहे. तरी कोणी काठी मारली तर अजून अख्खी शाळा दणाणून सोडीन. रिकामी भांडी जास्त वाजतात असं मोठी माणसं म्हणतात. मला ते लागतं, पण खोटं नाही.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. पोटात पंधरा किलो गोडेतेल घेऊन मी पौडच्या दुकानात आलो आणि तिथून माल्याच्या कोंडिबांच्या घरी, एका लग्नाच्या स्वयंपाकाला. तेलाने भरलेला होतो तेव्हा मला आवाजच नव्हता. ते दिवस आठवले तरी जीव गुदमरतो. भजी तळून झाली, मी रिकामा झालो आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं. कोंडिबांनी माझ्या कडेला भोक पाडलं, तार ओवली आणि मला भाताच्या खाचरात राखणीच्या माळ्यावर टांगलं. आंबेमोहोराच्या लोंब्या भरायला लागल्या की चिमण्या-पोपटांचे थवे उतरतात. त्यांना खाली बसू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. दिवसभर वाजायचं, यापेक्षा माझ्यासारख्याला आणखी काय हवं?

अठ्ठ्याण्णव साली राखणीला कोंडिबांची नात साधना येऊ लागली. सहा वर्षांची, वाळक्या शेंगेएवढी पोर, पण आवाज असा की समोरच्या डोंगरावरून परत यायचा. मला काठीने बडवायची आणि पाखरांशी भांडायची. "ए पोपटराव, तुमच्या बापाचं खाचर हाय व्हय हे? निगा हितनं. जावा वरच्या वाडीला." शाळेआधी आणि शाळा सुटल्यावर, माळ्यावर असेपर्यंत तिची टकळी चालू. मला वाटायचं, जोडीदार मिळावा तर असा.

त्याच वर्षी जूनमध्ये ती पहिलीत बसली होती. शाळेत काय चालतं ते मला माळ्यावरून दिसत नव्हतं. म्हणून एका रविवारी दुपारी, साधना पाणी प्यायला ओढ्यावर गेली असताना, बांधावरचं बोलणं ऐकलं आणि मी हादरलो. शाळेचे हैबतराव गुरुजी साधनाच्या वडिलांशी, विश्रामशी, बोलत होते.

"विश्राम, चार म्हैनं झालं. हजेरीला नाव घेतो तर पोरगी नुसती बघत बसती. एक शबुद न्हाई. मुकी हाय ती."

"काय सांगता गुर्जी? घरात तोंड मिटत न्हाई तिचं."

"मग साळंत काय नाटक करती? हे बघ, पुण्याला मुक्या-बहिऱ्यांची साळा हाय, राहायची सोय हाय. जूनला तितं घाल. हितं ठेवून तिचं वाटोळं करू नगं."

विश्राम बांधावरचं गवत उपटत राहिला. सहा वर्षांची पोर एकटी पुण्याला ठेवायची, हे त्याच्या घशाखाली उतरेना. घरी उपाय सुरू झाले. आईने, कल्पनाने, वेखंड उगाळून जिभेला लावलं. पोपटाने टोचलेला पेरू खाल्ला की मुलं बोलायला लागतात, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणून कोंडिबांनी दोन दिवस पोपट हाकलू दिले नाहीत. मी नुसता लोंबकळत होतो आणि नुसता चरफडत होतो. शेवटी बांधावरच्या झाडाखाली एक टोचलेला पेरू सापडला. साधनाने चावा घेतला आणि म्हणाली, "आज्या, कच्चा हाय की." आता हिला आणखी काय बोलायला लावणार होते?

मग गुरुजींनी ठरवलं, स्वतःच्या कानांनी ऐकायचं. एका सकाळी ते आणि विश्राम बांधामागे दबा धरून बसले. मला ते दिसत होते. साधना नेहमीसारखी माळ्यावर चढली, मला बडवलं आणि चिमण्यांना नावं ठेवायला लागली. तेवढ्यात गुरुजी टाळ्या पिटत बाहेर आले. "बोलती की. घावली, घावली. विश्राम, ऐकलंस ना?" ते मनापासून खूश झाले होते. गुरुजी वाईट माणूस नव्हते. पण साधना काठी हातात घेऊन जिथल्या तिथे थिजली. चोरी करताना कोणी पकडावं तसा तिचा चेहरा झाला होता.

गुरुजी म्हणाले, "उद्या हा डबा घेऊन साळंत यायचं आन् असंच वरडायचं."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा शाळा पाहिली. मला टेबलावर ठेवलं. साधनाला खुर्चीवर उभं केलं. समोर चाळीस पोरं. गुरुजी म्हणाले, "हं, वाजव आन् बोल." पोरं ओरडली, "बोल की, बोल की." साधनाची मान ताठ झाली. ओठ हलले, पण त्यातून वारासुद्धा आला नाही. काठी धरलेली बोटं पांढरी पडली. मी तिच्या अगदी जवळ होतो, म्हणून सांगतो, ती हट्ट करत नव्हती. तिला बोलायचं होतं. आवाज गळ्यापर्यंत येत होता आणि तिथेच अडत होता. पण मी तरी त्या वेळी समजून घेतलं का? नाही. मीही आतून चिडलो होतो. अगं, बोल ना एकदाची, एवढं काय अवघड आहे, असंच मला वाटत होतं. मला काठी लागली की मी वाजतो. सगळे तसेच असतात, अशी माझी समजूत.

तास संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मला शाळेतच ठेवून घेतलं. साधना खाचरात जायची, पण तिथेही तिचं ओरडणं बंद झालं. पोपटांनी वरचा अर्धा वाफा फस्त केला, आणि ही माळ्यावर गुडघ्यात मान घालून बसलेली. हे मला पोरांच्या गप्पांतून कळलं. घरी वडील आले की ती आईच्या पदराआड जायची. जिचा आवाज डोंगर परत पाठवायचा, ती आईच्या कानातही जेमतेम कुजबुजायची. माझी रात्रंदिवस तगमग होत होती, आणि वाजवायला कोणी नव्हतं.

दिवाळीनंतर करमाळ्याकडून बदली होऊन हेमलताबाई आल्या आणि त्यांनी पहिलीचा वर्ग घेतला. पहिल्याच दिवशी हजेरीला पोरं म्हणाली, "बाई, ती मुकी हाय."

बाई म्हणाल्या, "मुकी नाही. अजून इथे बोलत नाही, एवढंच." आणि पुढचं नाव घेतलं. साधनाकडे बघितलंसुद्धा नाही. मला त्यांचा राग आला. काहीतरी करा ना बाई, असं माझं चाललं होतं.

त्याच आठवड्यात विश्राम शाळेत आला. पुण्याच्या शाळेचा फॉर्म त्याच्या खिशात होता. गुरुजींनी तो भरूनही दिला होता, फक्त विश्रामची सही राहिली होती. बाई म्हणाल्या, "तिचे कान चांगले आहेत, जीभ चांगली आहे. काही मुलांचा घसा ठरावीक जागी, ठरावीक माणसांसमोर भीतीने बंद होतो. मी पुण्यात एका डॉक्टरीणबाईंना विचारून आलेय. ती मुद्दाम करत नाही. तिला जेवढा धाक घालाल तेवढी ती मिटेल."

"मग करायचं काय?"

"बोल म्हणायचं नाही. घरीसुद्धा नाही. आणि साधनाच्या आईला रोज शाळा सुटल्यावर तासभर इथे पाठवा."

"किती दिस लागतील?"

"ते मला सांगता येणार नाही."

विश्रामने फॉर्मची घडी घातली. "एप्रिलच्या तोंडी परीक्षेपतूर थांबतो, बाई. तवर न्हाई बोलली तर मी सही करणार. माझापण इलाज न्हाई."

एवढ्यावर त्या पोरीचं सगळं अडलं होतं. पाच महिने.

बाईंनी आधी हजेरीची रीत बदलली. मला दाराशी ठेवलं. नाव घेतलं की ज्याला वाटेल त्याने बोलावं, हात वर करावा किंवा डब्यावर टिचकी मारावी. पहिला आठवडा सगळ्या पोरांनी मला इतकं बडवलं की माझ्या अंगाला पोचे आले. मी सुखात होतो. तिसऱ्या आठवड्यात साधनाचं नाव आलं, आणि एका नखाने माझ्या कडेला स्पर्श केल्यासारखं झालं. आवाज जवळजवळ नव्हताच. बाईंनी हजेरीपटावर खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

शाळा सुटली की कल्पना यायची. रिकाम्या वर्गात ती वाल सोलत बसायची आणि साधना तिच्याशी हळूहळू बोलायची. बाई बाहेर व्हरांड्यात वह्या तपासत असायच्या. काही दिवसांनी बाई दाराबाहेर बसल्या. मग उंबऱ्यावर. मग आत, पण पाठ करून. एवढ्याला जानेवारी संपला. एकदा पाठ केलेल्या बाई पटकन वळून हसल्या. साधना मध्येच थांबली आणि पुढचे बारा दिवस तिने आईशीही वर्गात ओठ उघडले नाहीत. बाई कल्पनाला म्हणाल्या, "चूक माझी झाली. पुन्हा व्हरांड्यापासून." आणि खरोखरच खुर्ची उचलून बाहेर गेल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्याला हे कसं सोसलं असेल, विचार करा. आत आई-लेकीची कुजबुज आणि मी कोपऱ्यात. वारा आला की मला धडकी भरायची, की मी खडखडेन आणि ती दचकेल. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हणालो, मला वाजवू नकोस. मार्चमध्ये बाई शेजारी बसून वाल सोलू लागल्या. साधना आईला सांगायची, बाई ऐकायच्या. एक दिवस तिने बाईंकडे न बघता विचारलं, "ह्यो किडका टाकू?" बाई म्हणाल्या, "टाक." दोघींनी पुढची शेंग घेतली. मी तर आनंदाने फुटायचा राहिलो होतो.

मग वर्गातली एक मैत्रीण स्वरदा त्या बैठकीला आली, मग दुसरी. पण चाळीस पोरांसमोर अजून एक शब्द नव्हता. एप्रिल उजाडला.

तोंडी परीक्षेच्या दिवशी विश्राम सकाळपासून व्हरांड्यात उभा होता. गुरुजीही आले आणि दाराशी खुर्चीवर बसले. बाईंनी साधनाला जवळ घेतलं, कविता विचारली. साधनाने स्वरदाच्या कानात चार ओळी सांगितल्या. स्वरदा म्हणाली, "बाई, बरोबर म्हटली." गुरुजींनी मान हलवली. ही कसली तोंडी परीक्षा? विश्रामने खिशातून फॉर्म काढला आणि गुरुजींकडे पेन मागितलं.

पोरं दप्तरं आवरत होती. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, कोणी तिला काही विचारलं नव्हतं. घरी ज्याचं बोलणं चालायचं तो फॉर्म साधनाने पाहिला. ती जागेवरून उठली आणि दाराशी वडिलांसमोर आली.

"आबा, मला तितं पाटवू नगा."

मोठ्याने नाही. पण अख्ख्या वर्गाला ऐकू गेलं. गुरुजींचे हात टाळीसाठी उचलले गेले होते, ते त्यांनी मांडीखाली दाबून धरले. बाईंनी वहीत खाली बघून काहीतरी लिहिलं. विश्राम खाली बसला, तिच्या उंचीएवढा झाला आणि म्हणाला, "बरं. न्हाई पाटवत." एवढंच म्हणाला. मग फॉर्म फाडून त्याने तुकडे दाराशेजारच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकले.

दहा महिने सगळ्यांना एकच हवं होतं, तिने नाव सांगावं, कविता म्हणावी, हजर म्हणावं. पण तुला पुण्याला जायचंय का, हे एकानेही विचारलं नव्हतं. मीही नाही.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका. दुसरीतही तिचे कित्येक दिवस मुके गेले. आज ती अठरा वर्षांची आहे, पौडला कॉलेजला जाते, आणि नवीन माणसांत अजूनही आधी गप्पच असते. चालतं तिला. आम्हालाही चालायला हवं.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी पत्रा आहे, पोचे पडले तरी वाजतो. पण तुमच्या वर्गात असं कोणी असेल, तर त्याला घेरून उभे राहू नका. त्याच्या वतीने उत्तरं देऊ नका, त्याला मुका म्हणू नका. शेजारी बसा, खेळात घ्या, डब्यातला घास द्या. वेळ लागेल, तुमचा जीव कासावीस होईल, माझा झाला तसा. तरी थांबा. आणि ते मूल बोललंच, तर कसं बोललं ते सोडा, काय म्हणतंय ते ऐका.