रिकाम्या घरातला दिवा

राधाकृष्णरावांच्या माजघरात एक सागवानी पेटी होती आणि तिला दोन कुलपं होती. एक किल्ली त्यांच्या जानव्याला, दुसरी अनुसूयेच्या कमरेला. दोघं समोरासमोर बसल्याशिवाय पेटी उघडायची नाही. हिंगोलीत या पेटीची भारी थट्टा व्हायची. कचेरीतले लोक राधाकृष्णरावांना विचारायचे, आज भाजीपुरती तरी दुसरी किल्ली मिळाली का? ते बिचारे हसून घ्यायचे. मला मात्र ती पेटी आवडायची. आमच्या घरात किल्ली एकच होती आणि ती कुठे असते हे मला नवरा वारल्यावर कळलं.

ही पद्धत सुरू झाली माझ्या शेजारच्या घरापायी. ते घर दोघांनी मिळून विकत घेतलं होतं. अनुसूयेनं माहेरची पुतळ्यांची माळ मोडली, राधाकृष्णरावांनी तहसिलीच्या कारकुनीत साठवलेलं सगळं ओतलं. तेव्हाच ठरलं, की भाडेकरू दोघांच्या पसंतीनं ठेवायचा आणि भाडं थेट पेटीत टाकायचं. त्या घराची मागची खोली आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. माझी चूल त्याच भिंतीला लागून. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या भिंतीकडे पाठ करून मला अजून बसवत नाही.

साल अठ्ठेचाळीसचं. निजामाचं राज्य राहतं की जातं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. गल्लीतली निम्मी घरं बायकापोरं घेऊन सरहद्दीपलीकडे वाशीमला निघून गेली होती. राहिलेले आम्ही संध्याकाळी लवकर दारं लावून घ्यायचो आणि रस्त्यावर कुत्रं भुंकलं तरी एकमेकांकडे बघायचो. शेजारच्या घरात एक मास्तर भाड्यानं राहायचे, तेही असेच गेले. घर रिकामं पडलं.

आता अनुसूयेच्या माहेरची एक रीत होती. रिकामं घर अवसेला अंधारात ठेवायचं नाही. मास्तर गेले त्या महिन्यापासून दर अवसेला दिवेलागणीला ती दिवा घेऊन माझ्या ओट्यावरून जायची आणि त्या घराच्या पुढच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवून यायची. तेल महागलं होतं, मिळतही नव्हतं, पण भाजी फोडणीवाचून करील आणि दिवा लावील अशी ती बाई.

जेठात रतनसिंग ठेकेदार राधाकृष्णरावांना कचेरीबाहेर भेटला. औंढ्याच्या वाटेवर त्याची दगडाची खाण होती. त्याला मागची खोली हवी होती, गवगवा न करता. भाडं महिन्याला वीस रुपये, आणि तेही कलदार. तेव्हा आमच्याकडे निजामाचा हाली रुपया चालायचा. इंग्रजी कलदार बघायला मिळणंही मुश्कील झालं होतं, आणि हाली उद्या कुणी घेईल का याची खात्री नव्हती. राधाकृष्णरावांनी विचारलं, ठेवणार काय? रतनसिंग हळूच म्हणाला, दारूचे डबे. जागा कोरडी पाहिजे, आणि खोलीत काडी-बिडी अजिबात नको.

आपल्या भाषेचा घोळ बघा. पितात तीही दारू आणि खाणीत सुरुंगाला ठासतात तीही दारू. दगडाचा ठेकेदार कोणती दारू ठेवील हे शेंबड्या पोराला कळलं असतं. पण राधाकृष्णराव पडले सोवळ्यातले. त्यांच्या घरात तो शब्द उच्चारला की चूळ भरायची पद्धत. त्यांच्या डोळ्यांपुढे बाटल्याच आल्या. अबकारीवाल्यांपासून चोरून ठेवलेला माल असणार, असं ते धरून चालले. आणि असा भाडेकरू अनुसूया जन्मात पसंत करणार नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी तिला सांगितलंच नाही. घर रिकामंच आहे, मागच्या खोलीत मास्तरांचं सामान राहिलंय म्हणून कुलूप लावलंय, असं सांगितलं. कलदार पेटीत टाकायचे तर दुसरी किल्ली लागणार, तेव्हा ते कोटाच्या अस्तरात शिवून टाकले. पुढे मला म्हणाले, तिला पुतळ्यांची माळ पुन्हा करून द्यायचा विचार होता. असेलही. चोरी करणाऱ्याला बायकोचे दागिने नेहमीच आठवतात.

डबे आले तेव्हा अनुसूया नरसीला दर्शनाला गेली होती. भिंतीपलीकडे धप धप आवाज झाले, मी ऐकले, आणि मास्तरांची माणसं आली असतील म्हणून भाकरी थापत राहिले. राधाकृष्णरावांनी दोन दिवसांनी त्या कुलपाशी नाक नेऊन बघितलं म्हणे. काही वास आला नाही, म्हणून खूश झाले. जेठाच्या अवसेला अनुसूया दिवा लावायला निघाली, तर हे ओसरीवर बसून बघत राहिले. घर रिकामं आहे म्हणून सांगितल्यावर दिवा नको कुठल्या तोंडानं म्हणणार? त्या दिवशी वात रात्रभर जळली. मधे एक लाकडी दार होतं आणि त्याच्या फळीला बोटभर फट होती.

मग आषाढातली दिव्यांची अवस आली. घरोघरी दिवे चिंचेनं घासून पाटावर मांडलेले. दुपारी मी अनुसूयेकडे कणकेचे दिवे उकडायला बसले होते, तेवढ्यात रतनसिंग दारात उभा राहिला. मालक कचेरीबाहेर भेटले नव्हते आणि त्याला घाई होती, फार घाबरलेला दिसत होता. वीस कलदार त्यानं पायरीवर ठेवले.

"मागच्या खोलीचं भाडं हाय, बाईसाहेब," तो म्हणाला. "ही दुसरी किल्ली तुमच्यापाशी राहू द्या. तुमच्या घरचा दोन किल्ल्यांचा रिवाज मला ठाऊक हाय. माल दोन दिवसांत हलवतो. बाकी समदं मालकाला बराबर सांगून ठेवलंय."

तो गेला. अनुसूयेनं रुपये उचलून पदराच्या गाठीत बांधले. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदाच असा बघितला. रागावलेली नव्हती. कुणी तरी घरातलं माणूस गेल्याचं सांगावं आणि नाव सांगायचं राहावं, तशी दिसत होती. मी म्हटलं, संध्याकाळी विचार त्यांना, काही कारण असेल. ती म्हणाली, "विचारीन ना, तारावैनी. आधी माझ्या घरात कोण ऱ्हातंय ते बघून येते."

तिकडे कचेरीत त्या दिवशी सकाळीच वरून हुकूम आला होता. ठेकेदारांकडची सुरुंगाची दारू जप्त करायची. संध्याकाळी पेशकारानं तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाला, रतनसिंगाचं कोठार सकाळीच बघितलं, रिकामं निघालं, त्यानं दारू गावात कुठे तरी लपवलीय. राधाकृष्णरावांच्या हातातला टाक खाली पडला. कोरडी जागा. काडी-बिडी नको. वास नाही. हे सगळं त्यांना एकदम कळलं, आणि मग बाहेर दिवेलागण झालेली दिसली.

मी माझ्या ओट्यावर होते. अनुसूया थोड्याच वेळापूर्वी हातात पितळी दिवा घेऊन समोरून गेली होती. तिच्यामागून राधाकृष्णराव धावत आले, डोक्याला टोपी नाही, पायात वहाणा नाहीत. त्या माणसाला मी आयुष्यात कधी धावताना बघितलं नव्हतं. मला बघून ते नुसतं एवढंच बोलले, की वैनी, चुलीत पाणी ओता आणि बाहेर निघा.  मी घागर ओतली आणि रस्त्यावर आले.

आत काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण सांगणं एकच आहे.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. अनुसूया उंबऱ्यावर उभी राहून दिवा उंच धरून बघत होती. छतापर्यंत डबे. एकाची कड फुटून काळी भुकटी जमिनीवर सांडलेली, तिच्या पायापर्यंत आलेली. वातीला काजळी धरली होती, लाल टोक लोंबत होतं, आता पडेल की मग पडेल. राधाकृष्णरावांना ओरडायचं होतं, पण ओरडलं आणि ती दचकली तर? वीस वर्षांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती, ती तेव्हा मारली.

"अनुसूया. हलू नको. घर रिकामं न्हाई."

"ठाऊक हाय मला."

"ती सुरुंगाची दारू हाय. माझी समजूत दुसरी होती. सावकाश मागं ये."

तिनं वातीकडे बघितलं, मग पायाजवळच्या भुकटीकडे. मागे मात्र आली नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. नवरा चुकला हे तिला दिसतच होतं, आता तो खरं बोलतो का एवढंच बघायचं होतं. तिनं विचारलं, "भाडं किती घेत होतात?"

"आधी बाहेर ये."

"किती?"

"दहा," राधाकृष्णराव म्हणाले.

मी त्यांना नंतर खोदून खोदून विचारलं, काहून असं बोललात? बायको दारूच्या ढिगाऱ्यापाशी जळता दिवा घेऊन उभी, आणि तुम्ही दहा म्हणता? ते म्हणाले, तोंडातून निघून गेलं. मला त्यांची कीव आली नाही. दोन महिने जे खोटं रोज तोंडात घोळवलं, तेच वेळेला बाहेर पडलं.

 दहा ऐकल्यावर ज्योतीभोवती दुसऱ्या हाताचा आडोसा धरून अनुसूया सावकाश वळली आणि त्यांच्या शेजारून बाहेर आली. रस्त्यावर मी होते. तिच्या तळव्याला फोड आलेले मी बघितले. दिवा विझवला नव्हता. तो तसाच जळता घेऊन ती आपल्या घरी गेली.

घरी तिनं पदराची गाठ सोडली आणि पेटीच्या झाकणावर रुपयांच्या दोन चळती केल्या. राधाकृष्णराव दारातच थबकले.

"हे तुमी सांगितलेले दहा," ती म्हणाली. "आन् हे न सांगितलेले दहा." मग कमरेची किल्ली काढून तिनं त्यावर ठेवली आणि पानं वाढायला आत गेली.

दुसऱ्याच दिवशी रतनसिंगाची गाडी डबे घेऊन गेली, कुठे ते कुणी विचारलं नाही. पुढच्या अवसेला पोळा होता. दिवेलागण झाली तरी अनुसूया माझ्या ओट्यावरून गेली नाही, म्हणून मी तिच्याकडे गेले. माजघरात पेटीवर दिवा जळत होता. रुपये आणि किल्ली तिथेच पडून होते, त्यावर धूळ बसली होती. राधाकृष्णराव पाटावर जेवत होते. मी विचारलं, अगं, आज त्या घरात दिवा नाही लावायचा?

"रिकाम्या घरातच लावलाय, तारावैनी," ती म्हणाली.

 राधाकृष्णरावांनी मान खाली घातली आणि वरणासाठी वाटी पुढे केली, आणि तिनं वाढलं.