कॉर्डोबात खुर्ची मिळेल का

न बघितलेल्या गोष्टींबद्दल लिहायचं, यात तन्मयचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन वर्षं त्याला त्याचाच पगार मिळत होता.

२००७ला तो पुण्यातून, सहकारनगरातून, थेट दुबईत आला, एका बिल्डरकडे ब्रोशर लिहायला. 'एकतिसाव्या मजल्यावरचा सूर्यास्त' असं त्याने झोकात लिहिलं, तेव्हा त्या जागी खड्डा होता आणि खड्ड्यात पाणी. तरी लोक रांगा लावून बुकिंग करत होते. मग २००८चा ऑक्टोबर आला. रांगा गेल्या, फेब्रुवारीत ऑफिस गेलं आणि तन्मयला कॅन्सल केलं. तिकडे माणसालाच कॅन्सल करतात. व्हिसा रद्द, तीस दिवसांत घरी. खड्डा मात्र होता तिथेच राहिला.

दहा महिने पुण्यात गेले. वडील काहीच विचारायचे नाहीत, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. २०१०च्या जानेवारीत तो व्हिजिट व्हिसावर अबुधाबीला परत आला आणि तिथल्या मुसफ्फा भागात अहमदभाईंच्या ट्रॅव्हल ऑफिसात चिकटला.

अहमदभाई दापोलीकडचे. पंचवीस वर्षं तिकिटं आणि उमरा, म्हणजे मक्केच्या यात्रा, करत आले होते. पण मंदीत लोक गावाला जाणंही पुढे ढकलायला लागले, तेव्हा त्यांच्या डोक्यात स्पेन घुसलं. ग्रनाडा, कॉर्डोबा, सेव्हिल. युरोपही बघून होतं, आपल्या मुसलमान राजांनी बांधलेलंही बघून होतं, जेवण हलाल, हॉटेलात बार नको. माणशी सहा हजार नऊशे दिरहम, "म्हणजे पंच्याऐंशी हजार रुपये फक्त," असं ते फोनवर सांगायचे. 'फक्त' म्हणताना आवाज जरा खाली यायचा. एअरलाइनच्या वीस सीट त्यांनी धरून ठेवल्या होत्या.

"वीस भरल्या की तुझा व्हिसा लावतो," त्यांनी तन्मयला सांगितलं. "पक्का एम्प्लॉयमेंट. नाही भरल्या तर खलास, तूही आणि मीही."

व्हिजिट व्हिसा एप्रिलअखेर संपत होता. तन्मय कामाला लागला. आयटिनररी लिहायची होती, आणि तो ना कधी युरोपला गेलेला, ना कधी मशिदीत. त्याने वेबसाइटवरून स्पेनच्या नमाजाच्या वेळा उतरवून घेतल्या आणि रोजचे पाच थांबे लावून सात दिवसांचा तक्ता केला, अगदी मिनिटांसकट.

अहमदभाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढून हसायला लागले.

"अरे बाबा, ही टूर आहे की एसटी? दर दोन तासांनी थांबा!"

"नमाज पाच असतात ना, अहमदभाई?"

"असतात. पण आम्ही कोकणी, शाफई पंथाचे. प्रवासात दुपारचा जोहर आणि त्यानंतरचा असर एकत्र पढून टाकतो. जमा म्हणतात त्याला. संध्याकाळचेही दोन तसेच. अल्लाने सवलत दिलीय आणि हे साहेब ती काढून घेतायत."

तन्मयने थांबे कमी केले. अहमदभाईंनी नाश्त्यातलं एक सॉसेज खोडलं, एका हॉटेलचा मिनीबार रिकामा करायला लावला. चौथ्या दिवसाखाली तन्मयने लिहिलं होतं : 'कॉर्डोबाची बाराशे वर्षं जुनी भव्य मशीद. लाल-पांढऱ्या कमानींखाली जोहरचा नमाज.' या ओळीवर अहमदभाईंचं पेन क्षणभर थांबलं आणि त्यांनी शेजारी बरोबरची खूण केली. मशीद म्हटल्यावर नमाज आलाच. त्यात तपासायचं काय?

त्या एका ओळीने टूर विकली. चौदा सीट भरल्या आणि मग एका शुक्रवारी उरलेल्या सहाही एकदम गेल्या. मोहम्मद बिन झायद सिटीतले युसुफभाई, त्यांची बायको अन्वरी, मुलगी नबिला, अन्वरीची बहीण साजिदा, तिचा नवरा आणि युसुफभाईंची आई हव्वाबी. रत्नागिरीजवळच्या साखरतरच्या. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले.

बुकिंगला हव्वाबी स्वतः आल्या होत्या. त्यांनी कमानींच्या फोटोवरून बोट फिरवलं.

"इथे नमाज?"

"हो खाला. चौथ्या दिवशी."

"मला खाली बसता येत नाही रे. खुर्चीवर पढते मी. खुर्ची मिळेल का तिथे?"

"मिळेल की. विचारून ठेवतो."

लिहिलेलं पाळायची सवय नव्हती त्याला, पण हे त्याने पाळलं. स्पेनमधल्या एजंटला मेल टाकली : एका वयस्कर बाईंना मशिदीत नमाजासाठी खुर्ची हवी, सोय होईल का?

दोन दिवसांनी उत्तर आलं. चार ओळींचं. ती इमारत आता कथीड्रल आहे, आठशे वर्षं होत आली. आत मुसलमानांना प्रार्थना करायला परवानगी नाही. कुणी केलीच तर गार्ड थांबवतात. कृपया तुमच्या ग्रुपला आधी कल्पना द्या.

तन्मयने ते तीनदा वाचलं. मग प्रिंट काढून त्याने तो कागद अहमदभाईंच्या टेबलावर ठेवला.

अहमदभाईंनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. चहा गार झाला.

"मला कसं नाही सुचलं," ते म्हणाले. "मी मुसलमान आहे रे, मला कसं नाही सुचलं?"

"आता?"

"आता काय? वीस झाल्यात. परवा पासपोर्ट जायचेत एम्बसीत. तिथे गेल्यावर गाईड सांगेल. नियम त्यांचा, आपला नाही."

"आणि खुर्ची?"

"तन्मय, तुला व्हिसा पाहिजे की खुर्ची पाहिजे?"

तन्मय पासपोर्ट आणायला निघाला.

युसुफभाईंचं घर म्हणजे एका व्हिलाचे तीन वाटे पाडून केलेला एक हिस्सा. दारात सहा जोड चपला, आत तळलेल्या बोंबलांचा वास. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. अन्वरीने चहा दिला, फॉर्म पुढे आले, फोटो चिकटवले गेले. तन्मय खाली मान घालून पानं उलटत होता. इथून सही घेऊन उठायचं, दहा मिनिटांचं काम, असं त्याने गाडीत स्वतःला बजावलं होतं.

हव्वाबींनी सही केली. कुर्रेबाज सही होती, मास्तरणीसारखी. मग त्यांनी उशाखालून एक डबी काढली. आत छोटं होकायंत्र होतं, किब्ल्याची, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारं.

"आमचे हे जहाजावर होते. त्यांचं आहे हे," त्या म्हणाल्या. "बोलले होते, एकदा नेतो तुला ती मशीद बघायला. नेलं नाही, गेलेच. म्हणून म्हटलं, आपण जावं, नमाजाच्या दोन रकात त्यांच्या नावाने पढाव्यात. तू खुर्चीचं विचारलंस का रे पोरा?"

विचारलं नाही, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. दोन दिवसांनी सांगतो म्हटलं असतं तरी. तन्मयचं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"विचारलं, खाला. खुर्ची नाही. नमाजच नाही. ते आता चर्च आहे. आत पढू देत नाहीत."

हव्वाबींच्या हातातली डबी उघडीच राहिली.

"आय टोल्ड यू, दादी!" कोपऱ्यातून नबिला ओरडली. "इट्स अ कथीड्रल! वी डिड इट इन स्कूल! पप्पा सेड, कीप क्वाएट!"

"गप बस तू," युसुफभाई म्हणाले आणि तन्मयकडे वळले. "म्हणजे आम्हाला उल्लू बनवलंत? जोहरचा नमाज, कमानींखाली! कुणी लिहिलं हे?"

"मी."

"बघितलंयस कधी?"

"नाही."

"काय बघितलंयस तू?"

"अबुधाबी," तन्मय म्हणाला. "आणि दुबई. आणि पुणे."

अन्वरीला हसू आलं, तिने ते ओढणीत दाबलं. युसुफभाईंना मात्र आलं नाही. त्यांनी पासपोर्ट गोळा करायला सुरुवात केली. "कॅन्सल. सगळे सहा. यल्ला, उठा."

"ठेव ते खाली," हव्वाबी म्हणाल्या.

"अम्मी, याने खोटं—"

"खोटं लिहिलंन, खरं बोललान. तू टेबलावर फोटो बघून पैसे भरलेस, तू विचारलंस का? पोरीला ठाऊक होतं, तिला गप्प केलंस." मग त्या तन्मयकडे वळल्या. "आत जाऊ देतात ना? बघायला?"

"हो. तिकीट काढून."

"मग जोहर असरबरोबर जमा करू. युसुफ, तुझे वडील अर्धा जन्म जहाजावर होते, त्यांनी कधी पत्रात लिहिलं नाही की पढायला जागा नव्हती." त्यांनी डबी बंद करून तन्मयकडे पाहिलं. "पण बाकीच्यांना कोण सांगणार?"

"अहमदभाई म्हणाले, गाईड—"

"गाईड कशाला? लिहिलंस तू. तूच खोड. नवा कागद कर, सगळ्यांना दे, मग माझा पासपोर्ट ने."

तन्मय रिकाम्या हाताने परत आला. नवा कागद करायला दोन मिनिटं लागली. चौथा दिवस : 'कॉर्डोबाची जुनी मशीद, आता कथीड्रल. आत नमाजाला परवानगी नाही.' अहमदभाई मागे उभे राहून वाचत होते. त्यांनी अडवलं नाही, खूणही केली नाही. "पाठव," एवढंच म्हणाले आणि बाहेर सिगरेट ओढायला गेले. एरवी ते सिगरेट ओढत नसत.

दुसऱ्या दिवशी मुसफ्फातल्या एका कुटुंबाने चार सीट सोडल्या. चर्च बघायला एवढे पैसे कोण घालणार, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात चूकही नव्हती. युसुफभाई दोन दिवस फुगून बसले, मग सहा पासपोर्ट ड्रायव्हरबरोबर पाठवून दिले. वीसचे सोळा झाले. सोडलेल्या चार सीटचा भुर्दंड अहमदभाईंनी खिशातून भरला.

"सोळात नाही बसत तुझा व्हिसा," ते म्हणाले. रागात नव्हते, हिशेब सांगावा तसं बोलले. "मी तुला दोष देत नाही. पण बसत नाही."

"समजलं," तन्मय म्हणाला. त्याला खरंच समजलं होतं. तिकीटही त्याने त्याच टेबलावरून स्वतःचं स्वतः काढलं. तेवीस एप्रिल, अबुधाबी–मुंबई.

ग्रुप एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. चौथ्या दिवशी दुपारी पावणेपाचला ऑफिसचा फोन वाजला. तिकडे पावणेतीन झाले होते.

"तन्मय आहे का? मी हव्वाबी."

"बोला खाला. सगळं ठीक?"

"आतून मघाशीच बाहेर आले. आत खांबच खांब. मी दोनशेपर्यंत मोजले, मग गुडघे बोलायला लागले. सगळा वेळ एक गार्ड माझ्या मागे. डोक्यावर ओढणी बघितलीन ना! मी थांबले की थांबायचा. शेवटी मी त्याला खजूर दिला."

"घेतला?"

"घेतलान की. पण मागे आलाच."

तन्मय हसला. मग त्याने विचारलं, "आणि दोन रकात?"

"आत नाही पढले. पढायचं नाही म्हटलं ना त्यांनी. मिहराब आहे ना, भिंतीतला तो कोनाडा, इमाम उभा राहायचा तो, त्याच्यासमोर नुसती उभी राहिले. उभं राहायला कोण बंदी करतंय? आणि ऐक, ह्यांचं यंत्र काढून बघितलं. कोनाडा मक्केकडे नाहीच! मक्का चांगली डावीकडे येते. एवढी मोठी मशीद बांधली आणि तोंड चुकवलंन." त्या खुशीत होत्या. "हे असते तर महिनाभर हाच विषय."

"मग नमाज?"

"बस उभी राहते ना, तिथे नदी आहे. काठाला बाकडं आहे, संत्र्याच्या झाडाखाली. त्याच्यावर बसून जोहर आणि असर जमा केला, वर ह्यांच्या दोन रकात. यंत्र लावून, बरोब्बर दिशेला. कुणी हटकलं नाही. खुर्ची लागलीच नाही बघ." मागून युसुफभाईंचा आवाज आला, रोमिंग चालू आहे अम्मी, रोमिंग. "ठेवते. हा ओरडतोय. पुढच्या लोकांसाठी लिहून ठेव तू हे."

फोन बंद झाला. अहमदभाईंनी पलीकडून भुवया उंचावून विचारलं, काय झालं? "काही नाही, ठीक आहेत," तन्मय म्हणाला.

त्याचे टेबलावरचे अजून आठ दिवस राहिले होते. दिवाळीच्या ग्रुपसाठी अहमदभाईंनी तीच फाइल ठेवायला सांगितली होती. तन्मयने ती उघडली. चौथ्या दिवसाच्या खाली एक ओळ टाकली : 'बसथांब्याजवळ नदीकाठी बाकडं आहे, संत्र्याच्या झाडाखाली. जोहर-असर तिथे जमा करता येतो. ज्यांना खाली बसता येत नाही, त्यांचीही सोय होते.'

मग त्याला आठवलं म्हणून त्याने आणखी एक ओळ घातली. 'मिहराबवरून दिशा धरू नये. यंत्र जवळ ठेवावं.'

फाइल सेव्ह केली आणि तो पुढच्या तिकिटाकडे वळला. कुणीतरी मुलीला घेऊन रत्नागिरीला चाललं होतं, मुंबईमार्गे, वन वे.