आता बारी पिमची

मित्रांनो, मी एक जुनी लिहायची पेटी आहे. हल्ली माझ्यात कांदे ठेवतात, तेव्हा वासावरून माझी परीक्षा करू नका. माझं उतरतं झाकण उघडलंत तर अजून हिरव्या बनातीचा एक तुकडा दिसेल, आणि त्याच्या कोपऱ्यात शाईचा डाग. तो डाग माझ्या चांगल्या दिवसांतला आहे.

सुदानातल्या ओमदुरमानच्या बाजारात जिर्गिस नावाच्या सुताराने मला तांबड्या लाकडातून घडवलं. रंधा मारताना तो सारखा कुरकुरायचा, "या इंग्रजांना सपाट टेबलावर लिहिता येत नाही वाटतं. यांना उतार लागतो." पण सांधे त्याने असे बसवले की आजवर एकही हललेला नाही. मला विकत घेतलं रेडफर्न साहेबांनी, आणि उंटाच्या पाठीवर हिंदकळत मी कोर्दोफानमधल्या एका लहानशा ठाण्यावर आले.

साहेब तिथले इंग्रज अंमलदार. डिंकाचा बाजार, विहिरींवरची भांडणं, उंटांच्या चोऱ्या, सगळं त्यांच्यापुढे यायचं. दिवसभर दारात माणसांची रीघ. संध्याकाळी मात्र जो तो आपल्या घरी जाई. साहेबांना जायला घर नव्हतं, म्हणून ते होते तिथेच बसून राहत. मग ते मला उघडत.

मी होते ती एका माणसासाठी. त्याचं नाव पिम. तो आणि साहेब शाळेत एका बाकावर बसलेले, एकाच बोटीने परमुलखात नोकरीला निघालेले. पुढे एकाची वाट सुदानकडे वळली, दुसऱ्याची इराककडे. त्यांच्या पत्रांचा एक नियम होता. एक पत्र, एक उत्तर. उत्तर आल्याशिवाय दुसरं पत्र धाडायचं नाही. लागोपाठ दोन पत्रं लिहिणं म्हणजे गळ्यात पडणं, आणि या लोकांत गळ्यात पडण्याएवढं वाईट काही नाही. अंगात ताप फणफणत असला तरी ते लिहीत, 'हवा जरा गरम आहे.' पत्र बंद केलं की साहेब माझ्या झाकणावर बोटं वाजवत आणि म्हणत, "आता बारी पिमची."

पिमचं पत्र आलं की घरात माणूस आल्यासारखं वाटे. साहेब एकटेच मोठ्याने हसत, आणि स्वयंपाकघरातून बखीत येई. बखीत त्यांचा स्वयंपाकी. वयाने मोठा, आणि तोंडाने त्याहून मोठा.

"काय म्हणतो पिम?"

"म्हणतो, रात्री बूट बाहेर राहिले, तर सकाळी एकात बेडूक होता."

"मग काढला का?"

"म्हणतो, तो बूट त्याच्यापेक्षा बेडकालाच नीट बसत होता."

बखीत मान हलवी. "शहाणा माणूस आहे. तुम्हीच का असे गप्प, जनाब?"

एकदा पिमने कळवलं की त्याने लग्न केलं. साहेबांना किती आनंद झाला ते मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी शाई माझ्यावर सांडली. पण आनंद झाला असं सरळ लिहायची रीत नव्हती. त्यांनी लिहिलं, 'बायकोला तुझं घोरणं ऐकू येत नाही का, की मुद्दाम बहिरी शोधलीस?' टपालाचा उंटवाला हमदान ते पत्र घेऊन गेला. त्याच सुमाराला कोरड्या नाल्यांना पूर आले आणि ते पत्र वाटेत कुठेतरी वाहून गेलं. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पिमचं उत्तर आलं नाही. पाऊस सरला, डिंकाचा हंगाम आला आणि गेला, पुन्हा पाऊस आला. हमदानचा उंट आवारात बसला की साहेब कागदपत्रांत डोकं घालत, जणू ते टपालाची वाटच पाहत नव्हते. थैलीत सरकारी लिफाफे असत आणि शिळी वर्तमानपत्रं. मला उघडायचं कारणच उरलं नाही. माझ्या बनातीवर धूळ बसू लागली.

शेवटी बखीतच करकदेचा, म्हणजे अंबाडीच्या फुलांच्या लाल सरबताचा, पेला घेऊन समोर उभा राहिला.

"जनाब, पिम मेला का?"

"असं बोलू नये."

"मग तुम्ही मेलात का?"

साहेबांनी पेला उचलला. "बारी त्याची आहे, बखीत. आणि तो रागावला असेल. मी त्याच्या बायकोची थट्टा केली होती."

"रागावला असेल तर रागावला का म्हणून विचारा. आमच्यात एखादा बरेच दिवस फिरकला नाही, तर आम्ही गाढवावर बसतो आणि त्याच्या दारात जातो. बारी मोजतात विहिरीवर. तिथेसुद्धा भांडणंच होतात, आणि ती तुमच्याकडेच येतात."

साहेबांनी मला पुसलं. लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी जे गेलं ते दोनच ओळींचं होतं. 'पिम, बारी तुझी आहे हे मला ठाऊक आहे. तरी तू कसा आहेस?'

पिमचं उत्तर आलं. ते साहेबांनी उभ्यानेच वाचलं आणि माझ्या झाकणावर ठेवलं. म्हणून मलाही ते कळलं.

'लग्नाच्या पत्राला तुझं उत्तर आलंच नाही. वाटलं, तुला ते रुचलं नसावं. ॲग्नेस गेल्या हिवाळ्यात वारली. इथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. तुला कळवावं असं रोज वाटे. पण बारी तुझी होती.'

साहेब खाली बसले आणि त्यांनी कपाळ माझ्या झाकणावर टेकलं. बखीत जेवणाचं ताट घेऊन आला, दारात थांबला आणि ताट तसंच परत घेऊन गेला.

त्यांनी लगेच पत्र लिहिलं. सकाळी उठून आणखी एक लिहिलं. हमदान म्हणाला, "जनाब, कालचं अजून थैलीतच आहे. उंटही उठला नाही."

"हेही त्यातच टाक."

त्यानंतर साहेबांनी कधी बारी मोजली नाही. पिमची पत्रं कधी येत, कधी येत नसत. बेडकासारखं काही त्यांत पुन्हा आलं नाही. दोघांची भेटही झाली नाही. नोकरी संपवून साहेब त्यांच्या थंड मुलखाला गेले तेव्हा मला बखीतच्या घरी ठेवून गेले, आणि मी इथे म्हातारी झाले.

मित्रांनो, कधी कुणाची आठवण आली तर बारी कुणाची आहे हे पाहू नका. आधी लिहा. थट्टा करायची तर करा, पण तिच्याखाली एक ओळ सरळही लिहा. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. मी लाकूड आहे, मला वाट बघता येते. माणसांना ते नीट जमत नाही.