गुणाजीचा पहारा

माझं डोकं फिरलं ते त्या कागदाने. टॉवरच्या हॉलबाहेर, 'सत्संग सप्ताह' लिहिलेल्या फ्लेक्सखाली पहाऱ्यांची यादी चिकटवलेली. सप्ताहाचे सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. दोन-दोन तास एकेकाने ती गळ्यात घालून उभं राहायचं, नुसतं नाम घ्यायचं, मग पुढच्याच्या गळ्यात घालायची. चाळीत असल्यापासून बुधवारचा चार ते सहा हा पहारा आमच्या गुणाजीचा. आज बुधवार, आणि यादीत त्या जागी दत्ताराम परब. गुणाजी कुठेच नाही.

गुणाजी माझा धाकटा भाऊ. पूर्वी प्यायचा. प्यायचा म्हणजे जिन्यात पडून असायचा. औषधं झाली, नवस झाले, पोरांच्या शपथा झाल्या. शेवटी मंडळाच्या ह्याच दत्तारामने, आमच्या दत्तादांनी, त्याला जिन्यातून उचललं, आंघोळ घातली, भजनाला नेलं. "सोड म्हणून सांगणार नाही. रोज संध्याकाळी माझ्या बाजूला बस, बस्स," म्हणाले. बसला. सहा वर्षं थेंब नाही घेतला.

सेक्रेटरी वैभव हॉलच्या दारात फुलं लावत होता. त्याला धरला.

"मावशी, पर्सनल घेऊ नका ना. नवीन मेंबर आलेत, बाहेरून बुवा येणार. कोणीतरी जुना विषय काढला. मंडळाची इमेज असते."

"कसली डोंबलाची इमेज! चांगल्यांनी चांगल्यांच्याच मांडीला मांडी लावून बसायचं, तर सत्संग कशाला म्हणता? किटी पार्टी म्हणा!"

तणतणत घरी आले. खाटेवर गुणाजीचा पांढरा सदरा-लेंगा, कालच इस्त्री केलेला, तसाच घडी घातलेला. मोबाइलही तिथेच. म्हणजे माझ्याआधी ह्याने यादी वाचली होती. गेला असणार डिलाईल रोडच्या त्याच बारमध्ये, दुसरीकडे कुठे जाणार तो?

मी बारकडे गेले नाही. अर्धं आयुष्य त्याला तिथून ओढून आणण्यात गेलं, माझ्याने तो कधी सुटला नाही. मी परत हॉलमध्ये घुसले.

दत्तादा वीणा घेऊन उभे होते. पहाऱ्यावर नामाशिवाय बोलायचं नसतं. बरं झालं म्हटलं, उत्तरं तरी ऐकावी लागणार नाहीत.

"दादा, गुणाजी बारमध्ये गेला. त्याच्या जागी उभं राहताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? त्याचं नाव खोडलं तेव्हा मीटिंगमध्ये तुम्ही होतात ना? तुमच्या बाजूची जागा होती म्हणून तो माणसात होता. तुम्हीच काढून घेतलीत. आता घ्या नाम, मोठ्याने घ्या!"

बायकांच्या टाळ्या थांबल्या. दत्तादांचं नाम तेवढं चालू, पण आवाज चिरकला. मग ते चालायला लागले. अनवाणी, वीणेसकट, दाराकडे.

"दादा, वीणा बाहेर कुठे नेताय? लोक काय म्हणतील!" वैभव आडवा आला. दत्तादा त्याला वळसा घालून लिफ्टमध्ये शिरले. मी मागोमाग. खाली वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिला.

बारच्या पायरीशी दत्तादा थांबले आणि तिथेच नाम घेत राहिले. रस्त्यावरचे बघायला लागले. आतल्या टेबलावर गुणाजी, समोर अर्धा ग्लास. आवाज कानावर गेला तसा तो धडपडत उठला, बाहेर आला. वीणा बघून तोंडावर हात धरला नि मागे सरकला.

"लांब ऱ्हवा दादा. माझ्या तोंडाक वास येता."

दत्तादा दोन पावलं पुढे झाले आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. गुणाजी पोरासारखा रडायला लागला.

ते बघून माझा राग निवायचा तर आणखीच भडकला. "हे यादी लावायच्या आधी का नाही सुचलं तुम्हाला?" मी भर रस्त्यात ओरडले.

दत्तादांचं नाम थांबलं.

"घाबरलो, सुभद्रा. लोकांना घाबरलो."

"मग आता मला घाबरा," मी म्हटलं. "उद्या संध्याकाळी हा तुमच्या बाजूला बसलेला दिसला नाही, तर त्या हॉलच्या दारात मी उभी असेन. एकालाही आत जाऊ देणार नाही."