दोन्ही दारं उघडी

सहा वर्षं रोज पहाटे नेमाला बसले की मी देवाजवळ एक मागणं मागत होते, आणि ते चांगलं नव्हतं. आजाऱ्यांना बरं कर, पोरक्यांना सांभाळ, असं सगळं म्हणून झालं की शेवटी ओठ न हलवता संचालकांचं नाव घ्यायचे. कार्यालयात त्यांना मागून ‘परीटघडी’ म्हणत. कपड्यांना सुरकुती नाही, बोलण्यालाही नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. जगात कुणी कुठेही इंटरनेटवर एखादं नाव टाइप केलं, की ते नाव कुणाचं, हे शेवटी एका मूळ यादीवरून ठरतं. ती यादी खरी आहे असा शिक्का दर तीन महिन्यांनी एका यंत्रातून उठवावा लागतो. यंत्र तिजोरीत असतं. ते सुरू करायची सात कार्डं सात देशांतल्या सात माणसांकडे असतात. कुणाला यादीतून एखादं नाव पुसून टाकावंसं वाटलं, तर आधी या सातांची तोंडं एका दिशेला करावी लागतात. हे परीटघडीला फार दिवस खुपत होतं.

माझा दादा त्या तिजोरीचा रखवालदार होता. सगळा कारभार एका कंपनीच्या हाती द्यायला त्याचा उघड विरोध होता. तिजोरीच्या खोलीला दोन दारं, एक बाहेरचं, एक आतलं. दोन्ही एका वेळी उघडी ठेवायची नाहीत, हा नियम. सहा वर्षांपूर्वी एकदा शिक्क्याच्या दिवशी सफाईच्या मावशी आत चक्कर येऊन पडल्या. दादाने त्यांना उचलून बाहेर नेताना दोन्ही दारं दोन मिनिटं उघडी राहिली. त्याने ते स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं. परीटघडीने तेच पान उचललं, दादाला काढलं, आणि जिथे जिथे त्याला काम मिळालं असतं तिथे तिथे ‘विश्वासपात्र नाही’ असं पत्र धाडलं. वर नियमही कडक करून घेतला. यंत्र तिजोरीबाहेर येण्याआधी कुणी चूक दाखवली, तर काम पहिल्यापासून सुरू करता येईल. यंत्र बाहेर आल्यावर उघडकीला आली, तर सगळा दिवस रद्द, सबब कोणतीही असो.

दादा आता घरात स्वयंपाकघराचं दारसुद्धा दोनदा उठून बघतो.

मी नोंदी लिहिते. मलाही काढा, असं कुणीतरी तेव्हा सुचवलं होतं. परीटघडी हसून म्हणाला होता, “राहू द्या हो, गरीब गाय आहे ती.” भिंतीपलीकडे मी फायली लावत होते.

परवा तो दिवस आला. त्या दिवशी उठणाऱ्या शिक्क्याने यंत्राची मालकी परीटघडीच्या नव्या कंपनीकडे जायची होती. सात कार्डवाले नाही म्हणून म्हणून दमून शेवटी तयार झाले होते. मालकी देण्याचा करार संध्याकाळी सहापर्यंतच जिवंत होता, आणि शिक्क्याच्या पूर्ण विधीला सहा तास लागतात. सगळं जगभर दाखवायला परीटघडीने कॅमेरावाला बोलावला होता. त्याच्या दिव्याची वायर आत पोचेना. नवा रखवालदार नियमाचं काही पुटपुटला, तर परीटघडीने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं, स्वतः एक खुर्ची ओढून आतल्या दारात लावली आणि वायर आत घेतली. बाहेरचं दार वायरीवर अडकून अर्धवट उघडं राहिलं होतं, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

अकरा वाजून बावीस मिनिटं. मी लिहिलं.

यंत्र अजून तिजोरीत होतं. मी एक शब्द बोलले असते तर तिथेच सावरलं असतं. पण नोंद करणाऱ्याने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे, आणि त्या दिवशी तो मला देवासारखा वाटला. मी घड्याळाकडे पाहत राहिले. अकरा छत्तीसला यंत्र टेबलावर आलं. आत कुठेतरी, खरं सांगते, गोड वाटत होतं.

पाचच्या सुमाराला सगळं संपलं. आता फक्त नोंदी वाचायच्या आणि सातांनी मान्य म्हणायचं. मी वाचायला लागले. माझा आवाज मुळातच हळू.

“बाई, जरा मोठ्याने,” परीटघडी कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला. “जगाला ऐकायचंय.”

मी आवाज चढवला. “अकरा बावीस. संचालकांनी आतल्या दारात खुर्ची लावली. बाहेरचं दार उघडं. अकरा छत्तीस. यंत्र तिजोरीबाहेर. दोन्ही दारं अजून उघडी.”

सातांमध्ये एक निवृत्त मास्तरीणबाई आहेत. त्यांनी चष्मा पुसला, मागे वळून त्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची तिथेच होती.

“तेव्हाच का नाही बोललात?” परीटघडीच्या कॉलरखाली घाम दिसायला लागला होता.

“मला कुणी विचारलं नाही, साहेब.”

“अहो, एका वायरीसाठी…”

“सबब कोणतीही असो,” मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी आपलं कार्ड पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली. बाकीच्यांनीही आपापली कार्डं उचलली. दिवस रद्द झाला होता, आणि तसंही पुन्हा पहिल्यापासून करायला सहा तास हवे होते, उरला होता एक. करार मेला. दुसऱ्या दिवशी वरच्यांनी परीटघडीकडून राजीनामा मागून घेतला. कारण म्हणून माझंच पान जोडलं होतं.

घरी जाऊन दादाला सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो हसेल. त्याने एवढंच विचारलं, “तुला कधी दिसलं?”

“लगेच.”

“म्हणजे चौदा मिनिटं तू गप्प बसलीस.”

“हो.”

“मी असतो तर तिथल्या तिथे सांगितलं असतं.”

“माहीत आहे मला,” मी म्हटलं. “म्हणून तर तुला काढता आलं.”

तो उठून स्वयंपाकघराचं दार बघून आला. मग म्हणाला, “खुर्ची त्याने स्वतः ओढली? स्वतःच्या हाताने?”

“स्वतःच्या हाताने.”

“पुन्हा सांग,” दादा म्हणाला. “सावकाश.”

मी पहिल्यापासून सांगायला घेतलं.